अंडं आणि ब्रेडचा चुरा काढा, मग त्याला पर्शियन कबाब म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पर्शियन चिकन कबाबची पाककृती आलीये, फोटो एकदम झकास, पण खाली जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. चिकनचा खिमा घ्या, त्यात एक अंडं फोडा, वाटीभर ब्रेडचा चुरा, आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, कोथिंबीर, आणि मग बांबूच्या काड्यांना लावून ग्रिलच्या जाळीवर ठेवा. आता हे चवीला वाईट लागेल असं माझं अजिबात म्हणणं नाही, करा आणि खा खुशाल, पण यात पर्शियन नेमकं काय आहे तेवढं सांगा की राव. केशर नाही, सुमाकची आंबट पूड नाही, सपाट शिगा नाहीत. आणि वर 'आतून किंचित गुलाबी असतानाच उतरवा, रसरशीत राहतात' असं एक वाक्य आहे, ते तर सरळ धोक्याचं आहे, त्यावर खाली लिहितोच.

इराणात खिम्याच्या कबाबाला कबाब कुबिदे म्हणतात. मूळचा तो मेंढीच्या नाहीतर गोमांसाच्या खिम्याचा, किंवा दोन्ही मिसळून केलेला, आणि त्यात चरबी चांगली पाचवा हिस्सा तरी असते, म्हणून तो मऊ लागतो. चिकनचा कुबिदे हा त्याचाच हलका अवतार, घरीही करतात आणि हॉटेलांतही मिळतो. जुजे कबाब वेगळा बरं का, तो चिकनच्या तुकड्यांचा, केशर-लिंबू-कांद्यात मुरवलेला, लोक या दोन्हींची सारखी गल्लत करतात. तुमच्या पाककृतीच्या फोटोतही मला तरी तुकडेच दिसले, खिमा नाही, पण ते असो.

मसाल्याचं म्हणाल तर यादी इतकी छोटी आहे की आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. कांदा, मीठ, मिरपूड, चिमूटभर हळद, केशर. संपलं. गरम मसाला घातला की केशराचा वास गेलाच म्हणून समजा, एवढं महागाचं केशर मग घालायचं कशाला? इराणात केशर मुख्यतः खोरासानच्या भागातून येतं आणि ते वापरायची त्यांची रीत साधी पण पक्की आहे, काड्या तशाच टाकत नाहीत, चिमूटभर साखरेबरोबर खलबत्त्यात बारीक पूड करतात आणि ती पूड बर्फाच्या खड्यावर टाकून बर्फ आपोआप विरघळू देतात, किंवा दोन-तीन चमचे गरम पाण्यात झाकून ठेवतात. जो गडद केशरी रंग उतरतो त्यातलं थोडं खिम्यात आणि उरलेलं शेवटी कबाबाला लावायच्या बटरमध्ये.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. अंडं आणि ब्रेड का घालतात, तर खिमा शिगेवरून निखाऱ्यात पडू नये म्हणून. पण तो पडतो कशामुळे हे कुणी बघतच नाही. पडतो तो कांद्याच्या पाण्यामुळे. कांदा किसला किंवा मिक्सरला फिरवला की वाटीभर पाणी सुटतं, ते तसंच खिम्यात गेलं की खिमा ढिला होतो आणि मग अंडं घाला नाहीतर काहीही घाला, लोंबायला लागतोच. म्हणून किसलेला कांदा पंच्यात बांधून पिळायचा, अगदी हात दुखेपर्यंत, हातात कोरडा चोथा राहिला पाहिजे. निघालेलं पाणी फेकू नका, जुजे कबाबच्या मॅरिनेडमध्ये ते मस्त लागतं. एक किलो खिम्याला दोन मध्यम कांदे, अडीच चमचे बारीक मीठ, चमचाभर मिरपूड आणि अर्धा चमचा हळद हे साधारण माप.

दुसरं म्हणजे मळणं. मीठ घातलेला खिमा नुसता कालवून सोडायचा नसतो, कणीक तिंबतो तसा तो सात-आठ मिनिटं चांगला दाबून दाबून मळायचा. मिठामुळे मांसातली प्रथिनं, त्यात मुख्य मायोसिन, बाहेर येऊन चिकट होतात आणि तीच एकमेकांना धरून ठेवतात, कबाबाचा डिंक हाच, तो बाहेरून आणावा लागत नाही. झालंय की नाही ते बघायचं असेल तर मूठभर खिमा तळहाताला चिकटवून हात उलटा करा, पडला नाही आणि ओढल्यावर बारीक तंतू ताणले गेले की झालं. अंडं घातलं की शिजल्यावर त्याला ती ऑम्लेटसारखी स्पंजी ढब येते आणि ब्रेडचा चुरा रस पिऊन टाकतो, कुबिदेत ते दोन्ही नको असतं.

आणि हे सगळं थंड. मळता मळता हाताच्या उबेनं चरबी पातळ व्हायला लागते, मग पकड जाते, म्हणून खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या मळायचा आणि मळून झाला की परत किमान तासभर फ्रीजमध्ये. शक्य असेल तर मांडीच्या मांसाचा खिमा घ्या, छातीच्या मांसात चरबी जवळपास नसतेच, कबाब भुसा झाल्यासारखे कोरडे होतात. छातीचंच घ्यायचं असेल तर त्यात थोडं थंड बटर किसून घाला, बरेच जण तसं करतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शिगांचं पण सांगतो कारण तिथेच तुमच्या पाककृतीची सगळ्यात मोठी फजिती होणार. बांबूची काडी गोल आणि बारीक, ती फिरवली की काडी फिरते आणि कबाब जागच्या जागी राहतो. कुबिदेला रुंद, सपाट लोखंडी किंवा स्टीलची शीग लागते, दोन-अडीच सेंटीमीटर रुंद, शिवाय धातू तापला की कबाब आतूनही शिजतो. शीग कोरडी हवी, तेल अजिबात लावायचं नाही. हात पाण्यात बुडवायचा, खिम्याचा गोळा शिगेभोवती दाबत पातळ पसरवायचा, बोटाएवढ्या जाडीचा, दोन्ही टोकं घट्ट बंद करायची कारण सुटायला सुरुवात टोकापासूनच होते, आणि मग तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरून दर दोन-तीन सेंटीमीटरवर दाबत जायचं. त्या ओळखीच्या लाटा अशा उमटतात. त्या नुसत्या दिसायला नाहीत, त्यामुळे खिमा शिगेला धरून बसतो आणि सगळीकडे सारखा शिजतो.

जाळी काढून टाका. इराणी शेगडी म्हणजे मंगल, लांबट आणि अरुंद, शिगेची दोन्ही टोकं काठांवर टेकतात आणि कबाब निखाऱ्यांवर अधांतरी राहतो, कशालाच टेकत नाही. साधं ग्रिल असेल तर पुढे-मागे दोन विटा किंवा लोखंडी चौकोनी नळ्या ठेवल्या की तेच काम होतं. कच्चा खिमा जाळीला लागला की चिकटलाच, उचलताना अर्धा जाळीला राहतो, मग लोक म्हणतात चिकनचे कबाब जमत नाहीत.

कोळसा पूर्ण पेटून वर राखाडी थर आल्याशिवाय शिगा ठेवायच्या नाहीत, ज्वाळा नकोत, धग हवी. पहिलं एक मिनिट आपण शेगडीपासून हलायचं नाही, वीस-तीस सेकंदांत पहिली पलटी, लगेच दुसरी, म्हणजे दोन्ही बाजूंचा वरचा थर आवळून बसतो आणि खालची बाजू शिजत असताना वरचा कच्चा खिमा ओघळत नाही. एकदा का तो थर बसला की मग निवांत, सतत फिरवत राहायचं, इराणी माणूस एका हातानं शिगा फिरवतो आणि दुसऱ्या हातातल्या विणलेल्या पंख्यानं निखारे फुलवतो, ते बघण्यासारखं असतं. फार्वर्दीन या इराणी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या तेराव्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, सिझदाह बेदारच्या सणाला अख्खी कुटुंबं घराबाहेर हिरवळीवर जाऊन बसतात तेव्हा बागांमधून कबाबचा धूर निघत असतो. एकूण आठ-दहा मिनिटं लागतात, शेवटी केशर घातलेलं वितळलेलं बटर ब्रशनं लावायचं, त्यात लिंबाचे दोन थेंब. बटर आधीपासून लावलं तर निखाऱ्यात गळून ज्वाळा उठतात आणि कबाब काळे पडतात.

वाढताना ताटात खाली लवाश अंथरायची, त्या पातळ रोटीनंच कबाब धरून शिगेवरून एका झटक्यात ओढायचा, रस तिच्यात उतरतो आणि माझ्या मते कबाबापेक्षा ती रोटीच जास्त चविष्ट लागते. बाजूला शिगेवर भाजलेले टोमॅटो, कच्चा कांदा, रेहान म्हणजे ताजी तुळशीच्या जातीची पानं, भात असेल तर त्यावर बटर, आणि सगळ्यावर सुमाक. सुमाक ही एका झुडपाच्या फळांची गडद लाल आंबट पूड, इराणी कबाबाच्या टेबलावर ती असतेच. चिकनला तर ती हवीच कारण चिकन मुळात सौम्य. तुमच्या पाककृतीत तिच्याऐवजी चाट मसाला सुचवलाय, त्यावर काय बोलणार.

आता त्या गुलाबी वाक्याचं. चिकनच्या अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्यात जास्त काळजी घ्यावी लागते कारण दळताना पृष्ठभागावरचे जंतू, साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर, सगळ्या गोळ्यात मिसळतात, नुसती बाहेरची बाजू भाजून ते मरत नाहीत. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियसला पोचलं पाहिजे, आणि कबाब पातळ असल्यामुळे थर्मामीटर वरून न खुपसता टोकाकडून शिगेच्या कडेनं, धातूला न लागू देता, आत सरकवायचा. रंगावर भरवसा ठेवू नका, कारण हळद-केशरानं रंग आधीच पिवळा असतो आणि काही वेळा चिकन नीट शिजूनही गुलाबी राहतं. रसरशीतपणा कच्चेपणातून येत नाही, तो मांडीच्या मांसातून, नीट मळण्यातून आणि वेळेवर उतरवण्यातून येतो. ७४ झालं की लगेच उतरवा, अजून पाच मिनिटं ठेवलेत तर कोरडे होणारच.

तेव्हा विनंती एवढीच की अंडं, ब्रेड, चाट मसाला याबद्दल तुम्हाला काही छापायचं नसेल तर नका छापू, तो चवीचा वाद झाला. पण 'किंचित गुलाबी' या वाक्याची दुरुस्ती मात्र पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच ठळक अक्षरांत छापा, कारण ती पाककृती कापून फ्रीजवर लावणारे लोक आहेत आणि त्यांच्या घरात लहान मुलं, म्हातारी माणसंही जेवायला बसतात.

आपला,
पुरवणी आधी वाचणारा एक वाचक