डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीसाठी चुकीचे इंजिन ऑइल आणि सदोष फिल्टर पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्या ‘गाडीनुसार शोधा’ सुविधेने सुचवलेले इंजिन ऑइल व दोन ऑइल फिल्टर परत घेणे आणि त्या सुविधेतील माहिती दुरुस्त करणे.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावर गाडीची माहिती भरली: फोक्सवॅगन पसाट, २००८, २.० टीडीआय, १४० अश्वशक्ती. उत्तरात पाच लिटरचा एक डबा आणि एक ऑइल फिल्टर आला. दोन्ही मागवले आणि दोन्ही चुकीचे निघाले. त्यावर आपल्या हेल्पलाइनने बदली म्हणून सुचवलेले ऑइल पहिल्यापेक्षा जास्त चुकीचे आहे, आणि बदली म्हणून आलेला फिल्टर सदोष आहे. डब्याचे सील फोडलेले नाही, दोन्ही फिल्टर गाडीला बसवलेले नाहीत. लेबल आणि बॅच क्रमांक दिसतील असे फोटो सोबत जोडले आहेत.

आधी ऑइलबद्दल. डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘५डब्ल्यू-३० फुली सिंथेटिक’ आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ऑइलचे दर्जे: एपीआय (अमेरिकी संस्था) एसएन/सीएफ, एसीईए (युरोपातील गाडी उत्पादकांची संघटना) ए३/बी४ आणि व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ००/५०५ ००. या गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, आणि गाडीच्या पुस्तकात अशा डिझेलसाठी एकच क्रमांक दिला आहे: व्हीडब्ल्यू ५०७ ००. डब्यावर तो कुठेही नाही. तरी आपल्या पानावर हिरवी खूण करून ‘आपल्या गाडीस अनुरूप’ असे छापले आहे. हे कशाच्या आधारावर, असे हेल्पलाइनला विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘ग्रेड जुळते ना.’

ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३० हा दाटपणाचा आकडा, जुळते, आणि फक्त तेवढेच जुळते. ५डब्ल्यू या आकड्यावरून गारठ्यात ऑइल किती सहज हलेल ते कळते. ३० या आकड्याचा अर्थ १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान आहे. चालत्या इंजिनात बेअरिंग आणि कॅमवर जो पातळ थर टिकायला हवा, त्याची कसोटी वेगळी आहे: १५० अंशांना, प्रचंड घर्षणाखाली मोजलेला दाटपणा, ज्याला एचटीएचएस म्हणतात. जपानी आणि अमेरिकी पेट्रोल गाड्यांसाठीच्या आयएलसॅक जीएफ-६ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला हा आकडा २.९ असला तरी चालतो. एसीईए सी३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला किमान ३.५ लागतो. दोन्ही डब्यांवर पुढे लिहिलेले अक्षर न् अक्षर सारखे असू शकते. आपली शोध सुविधा नेमके तेच पुढचे अक्षर वाचते आणि मागची बाजू पाहतच नाही.

पाठवलेल्या डब्याचा एचटीएचएस पुरेसा आहे, ए३/बी४ लाही किमान ३.५ च लागतो, हे मान्य. अडचण राखेची आहे. ऑइलमधले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट आणि झीज रोखणारे झिंकचे संयुग जळून गेल्यावर मागे राख उरते. सी३ मध्ये या सल्फेटेड राखेवर ०.८ टक्क्यांची मर्यादा आहे. ए३/बी४ मध्ये ती जवळजवळ दुप्पट असली तरी चालते, कारण तो दर्जा डीपीएफ नसलेल्या गाड्यांसाठी आहे. प्रत्येक इंजिन थोडे ऑइल जाळतेच. डीपीएफमध्ये साठलेली काजळी रीजनरेशनच्या, म्हणजे फिल्टर तापवून स्वच्छ करण्याच्या, वेळी साधारण ६०० अंशांना जळून वायूरूपाने निघून जाते. राख जळत नाही. ती त्या बारीक नळ्यांच्या टोकाला साचत राहते आणि काजळीला जागा कमी उरते. मग रीजनरेशन लवकर लवकर होऊ लागते. अनेक इंजिनांत त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा, जास्तीचे डिझेल फवारले जाते. त्यातले काही भिंतीवरून ओघळून खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. ऑइल पातळ होते, डिपस्टिकवरची पातळी भरल्याशिवायच वर चढते आणि गाडीवाला ‘ऑइल अजिबात खात नाही’ म्हणून खूश असतो.

एका भरणीने डीपीएफ बंद पडत नाही, तसा माझा दावाही नाही. पण आपले पान त्या गाडीला दर सर्व्हिसला तोच डबा सुचवणार आहे. शिवाय त्याच पानावर ‘३०,००० किलोमीटरपर्यंत निश्चिंत’ असे लिहिले आहे. ५०२ ००/५०५ ०० हे दर्जे ठरावीक अंतराच्या सर्व्हिससाठी आहेत, म्हणजे १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लांब पल्ल्याची मुदत ५०४ ००/५०७ ०० ला मिळते, तीही गाडीत लाँगलाइफ, म्हणजे लांबलेल्या मुदतीच्या, सर्व्हिसची सोय चालू असेल आणि इंधन चांगले असेल तरच. एका दर्जाची मुदत दुसऱ्या दर्जाच्या डब्यावर चिकटवली गेली आहे. हे पान ज्याने लिहिले त्याने दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजू शेजारी ठेवून वाचल्या नसाव्यात.

आता बदलीबद्दल. तक्रार केल्यावर आपल्या प्रतिनिधीने ०डब्ल्यू-२० चे, व्हीडब्ल्यू ५०८ ००/५०९ ०० दर्जाचे ऑइल देऊ केले. म्हणाले, ‘हा सगळ्यात नवा नंबर आहे, जुन्या सगळ्यांना चालतो.’ या एका वाक्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे. ५०७ ०० हे डिझेलच्या जुन्या ५०५ ०० आणि ५०५ ०१ ची जागा बहुतेक ठिकाणी घेते, त्यामुळे ‘नवा नंबर जुन्याला चालतो’ हा समज पसरला असावा. ५०८/५०९ ला तो लागू होत नाही. त्याचा एचटीएचएस २.६ च्या आसपास असतो. तो पातळपणा गृहीत धरून ज्यांची बेअरिंग आणि ऑइल पंप बेतलेले आहेत अशाच इंजिनांसाठी ते ऑइल आहे. ३.५ वर चालणाऱ्या २००८ च्या डिझेलमध्ये ते भरले, तर गरम इंजिनावर ओझे पडताच थर तुटण्याचा धोका आहे. इतर ऑइलशी गल्लत होऊ नये म्हणून या दर्जाच्या ऑइलला हिरवा रंगही दिला जातो. ए३/बी४ भरून थोडे अंतर गेलेली गाडी पुढच्या सर्व्हिसला योग्य ऑइलवर आणता येते. ५०९ ०० भरलेली जुनी गाडी मात्र चालवण्याआधीच रिकामी करायला हवी. ज्या ग्राहकांना आपण अशी बदली दिली असेल त्यांना फोन करून हे सांगा.

लेबलवरच्या भाषेबद्दलही एक मुद्दा आहे. आपल्याकडच्या दुसऱ्या एका डब्यावर ‘व्हीडब्ल्यू ५०७ ००, एमबी २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ च्या गरजा पूर्ण करते’ असे आहे (एमबी म्हणजे मर्सिडीज-बेंझ) आणि आपल्या पानावर त्याचे ‘मान्यताप्राप्त’ झाले आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीने त्या नेमक्या मिश्रणाच्या इंजिन चाचण्यांचे निकाल पाहून दिलेली परवानगी. ‘गरजा पूर्ण करते’, ‘साठी योग्य’, ‘च्या तोडीचे’ ही ऑइल बनवणाऱ्याची स्वतःची ग्वाही. ती खरी असेलही, पण ती तपासणारे दुसरे कोणी नाही. मर्सिडीज आपली मान्य ऑइलची यादी जाहीर करते; डब्यावरचे नाव त्यात आहे की नाही हे कोणीही पाहू शकतो. आपण विक्रेते आहात, आपल्याला तर ते पाहायलाच हवे.

आणखी एक. लो-सॅप्सच्या, म्हणजे कमी राख देणाऱ्या ऑइलच्या, सगळ्या डब्यांवर आपण ‘सर्व गाड्यांसाठी श्रेष्ठ’ असा बिल्ला लावला आहे, तोही काढावा. कमी राख म्हणजे आम्ल मारणारा साठाही कमी. ए३/बी४ ला टीबीएन (हा साठा मोजणारा आकडा) किमान १० लागतो, सी३ ला किमान ६. इंधनात गंधक जास्त असेल तिथे हा साठा लवकर संपतो. म्हणूनच बीएमडब्ल्यूने पेट्रोल गाड्यांत लाँगलाइफ-०४ वापरण्याला प्रदेशाची अट घातली होती. डीपीएफ नसलेल्या जुन्या पेट्रोल गाडीला, तिच्या पुस्तकात असेल तर, ए३/बी४ हेच बरोबर ऑइल आहे.

फिल्टरची चूक याच मुळातून आली आहे. आपली सुविधा मॉडेल, वर्ष आणि ताकद विचारते, इंजिन कोड विचारत नाही. २.० टीडीआय, १४० अश्वशक्ती, २००८ या एका ओळीत दोन वेगळी इंजिने बसतात. एक बीएमपी, पंप-ड्यूजचे, ज्यात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमने दाबला जातो. दुसरे सीबीएबी, कॉमन रेलचे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून दाबाने डिझेल मिळणारे. पहिल्याचा फिल्टर ०७१ ११५ ५६२ या मालिकेतला, दुसऱ्याचा ०३एल ११५ ५६२. दोन्ही कागदी एलिमेंटच (घरात बसणारा गाळणीचा भाग) आहेत, पण माप वेगळे. माझी गाडी सीबीएबी आहे आणि आपण ०७१ पाठवला. इंजिन कोड सर्व्हिस पुस्तकातल्या आणि डिकीतल्या डेटा स्टिकरवर छापलेला असतो. आपल्या फॉर्ममध्ये त्यासाठी एक रकाना वाढवला की हा प्रश्न मिटतो.

मापच वेगळे असल्याने ती चूक निदान हातात घेताच कळते. बदली म्हणून आलेला फिल्टर जास्त धोक्याचा आहे, कारण खोक्यावर क्रमांक बरोबर आहे. त्यातले दोष असे. कागदाच्या घड्या समान अंतरावर नाहीत. दोन ठिकाणी त्या एकमेकींना चिकटल्या आहेत, म्हणजे तेवढा कागद कामाचा नाही. घड्यांचा जोड जिथे येतो तिथे डिंक तुटक आहे आणि उजेडासमोर धरले तर फट दिसते. खालची चकती मऊ आहे आणि एका बाजूला झुकलेली आहे. खोक्यात टोपीची ओ-रिंग नाही.

यातला खालच्या चकतीचा दोष सर्वांत गंभीर आहे. या इंजिनांत फिल्टरच्या घरात तळाशी एक झडप असते. एलिमेंट उचलले की ती उघडते आणि घरातले ऑइल आपोआप सम्पमध्ये उतरते. म्हणून सर्व्हिस करताना आधी फिल्टरची टोपी सैल करायची आणि मग सम्पचा ड्रेन बोल्ट काढायचा. उलट क्रमाने केले तर जुने ऑइल घरात राहते किंवा टोपी काढताना इंजिनावर सांडते. नवे एलिमेंट बसल्यावर त्याच्याच दाबाने ती झडप बंद राहायला हवी. चकती वाकडी किंवा आखूड असेल तर झडप पूर्ण बंद होत नाही, पंपाने वर ढकललेले काही ऑइल फिल्टरमधून न जाता परत खाली पडते, दाब तयार व्हायला उशीर लागतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा जास्त वेळ जळतो. मग दोष पंपावर किंवा ऑइलवर ढकलला जातो आणि फिल्टरकडे कोणी पाहत नाही.

ओ-रिंग न देणे ही काटकसर समजण्यापलीकडची आहे. जुनी रिंग उष्णतेने कडक आणि चपटी झालेली असते. ती पुन्हा लावली की टोपीतून ऑइल झिरपते. मग मेकॅनिक टोपी आणखी आवळतो, आणि २५ न्यूटन-मीटरला बसणारी ती प्लास्टिकची टोपी तडकते. रिंग टोपीच्या नेमक्या खाचेत, बोटाने नवे ऑइल लावून बसवायची, टोपी ३२ च्या सॉकेटने २५ वर थांबवायची, इतकेच काम आहे. ड्रेन बोल्टही वॉशरसकट नवा लागतो, ३० न्यूटन-मीटर. आपल्या ‘संपूर्ण सर्व्हिस किट’मध्ये तोही नाही.

त्याच किटच्या पानावर ‘पाच लिटर, एक पूर्ण भरणी’ असे आहे. या इंजिनात फिल्टरसकट साधारण ४.३ लिटर मावते. वाक्य वाचून एखाद्याने अख्खा डबा ओतला, तर ऑइल क्रँकपर्यंत चढून फेसाळते, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीतून, हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जाते आणि जळून शेवटी त्याच डीपीएफमध्ये राख होऊन बसते. चार लिटर भरा, इंजिन थोडे चालवा, सपाट जागी काही मिनिटे थांबा, डिपस्टिक पाहून उरलेले थोडे थोडे घाला, एवढी सूचना तिथे पुरे आहे.

माझ्या मागण्या:

डबा आणि दोन्ही फिल्टर आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि पूर्ण रक्कम त्याच खात्यात जमा करावी. बदलीची वस्तू नको. पर्यायी ऑइलचे कूपनही नको.

शोध सुविधेत इंजिन कोड आणि डीपीएफ आहे की नाही हे दोन्ही अनिवार्य करावे. ऑइल ग्रेडवरून न सुचवता गाडीच्या पुस्तकातल्या मान्यता क्रमांकावरून सुचवावे. ज्या डब्याला मान्यता नाही त्याच्यापुढे ‘उत्पादकाचा दावा’ असे स्पष्ट लिहावे.

सदोष फिल्टरच्या बॅचची विक्री तपासणी होईपर्यंत थांबवावी. तो माल मूळ उत्पादकाकडून आला आहे की मधल्या पुरवठादाराकडून, हे लेखी कळवावे. खोक्याची छपाई आणि आतल्या एलिमेंटवरची छपाई जुळत नाही, फोटोत ते दिसेल. बनावट माल असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

हेल्पलाइनच्या प्रतिनिधीवर कारवाई करावी अशी माझी मागणी नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर ५०८/५०९ पुढे ‘जुन्या गाड्यांस अनुरूप’ असेच लिहिलेले होते, हे त्याने स्वतः वाचून दाखवले. ते वाक्य आज काढा, बाकीचे उत्तर पंधरा दिवसांत आले तरी चालेल. फिल्टर आणि डबा तोपर्यंत जसेच्या तसे जपून ठेवत आहे. आपला तपासनीस येणार असेल तर आधी कळवावे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, डब्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, दोन्ही फिल्टरचे फोटो, गाडीच्या डेटा स्टिकरचा व पुस्तकातील ऑइलच्या पानाचा फोटो, हेल्पलाइनशी झालेल्या लेखी संभाषणाची प्रत.