गाठी आवळू की नको?

न्यूयॉर्क, ऑगस्ट 2019

प्रिय मंदे,

माझी तब्येत बरी आहे, पाठही गप्प आहे. आता ऐक. काल इथल्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात आपल्या लाडक्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांचं प्रदर्शन पाहिलं आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय.

1984 ची ‘यक्षी’, ते दोराचं शिल्प, आपण फोटोत कितीदा पाहिली असेल! पण फोटोत तिचं वजन कळत नाही गं. रंगवलेल्या दोराच्या जाड घड्या एकीवर एक ओघळतात आणि त्यांच्या आत अंधार असतो. माग नाही, आधी केलेलं रेखाटन नाही. नुसती हाताने मारलेली गाठीवर गाठ. बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या मुखर्जीबाई 1970 नंतर वर्षानुवर्षं दोरच घेऊन बसल्या आणि कित्येकांनी ते काम हस्तकला म्हणून बाजूला सारलं. तुझ्या दोराच्या कामाला सर ‘मॅक्रमे’, म्हणजे शोभेचं गाठकाम, म्हणाले तेव्हा तू कशी उसळली होतीस! मी सरांची बाजू घेतली नव्हती, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते. मी एवढंच म्हटलं होतं की भिंत सोड. इथे कितीतरी कामं भिंत सोडून आहेत, मागे जाऊन बघता येतात. आता बोल!

पुढच्या काळातली भाजलेल्या मातीची कामं आहेत, ब्राँझही आहे. मेणात घडवून ओतलेली पानं, खोडं. सुरेख आहेत. पण मी पुन्हा पुन्हा दोराकडेच वळत होते, कारण ब्राँझची काळजी वाटत नाही, दोराची वाटते. 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरात त्या गेल्या. म्हणजे काल पाहिलेली प्रत्येक घडी त्यांच्यामागे दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी बसवलेली. दोर तर आपल्या वजनाने खाली येत राहणार. मग बाईंनी ठेवलेला झोल कुठला आणि वयाने आलेला कुठला, हे कोण सांगणार?

मंदे, तुझं ते उंच काम अजून माझ्याकडे चादरीत गुंडाळलेलं आहे. मला ते उलगडून टांगायचंय. डाव्या खांद्याखालचा झोल तू मुद्दाम ठेवला होतास की परीक्षक दारात आले म्हणून राहिला? खालच्या बाजूच्या गाठी सुटत चालल्यात. तशाच राहू देऊ? आवळल्या तर त्या माझ्या गाठी होतील, आणि माझ्या गाठीला तू बुटाच्या नाडीची गाठ म्हणायचीस. शिवाय तांबडा रंग एका बाजूने उडालाय. तिथे मी हात लावणार नाही, तू सांगितलंस तरी नाही. त्यावरून हवं तेवढं भांड, पण हे सगळं ठाऊक असलेली तू एकटीच आहेस आणि तुझ्याकडे त्याचा एक कागदही नाही, याने मला रात्रभर झोप लागली नाही.

नव्या घरात लागलं का सगळं? धाकटीचा निकाल कळव. आईंना नमस्कार सांग.

आणि एक साधं चित्र काढून पाठव: कुठून टांगायचं, किती सैल, पाठ कुठली. खाली तारीख घाल, सही कर. झोलाचं उत्तर मात्र आधी फोनवर दे.

तुझी,
शमी