पेटीबरोबरचं पत्र

नागपूर, महालक्ष्म्यांनंतरचा रविवार

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

मंदार बुधवारी पहाटे निघतोय. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून, कपबश्यांची पेटी येते आहे. डिकीत ठेवायची नाही असं त्याला बजावलंय. समृद्धीचे ७०१ किलोमीटर गुळगुळीत जातील, पण पुढे घोडबंदरचे खड्डे आहेतच. चांदीचं गाठोडं वेगळं आहे.

तू फोनवर म्हणालीस, विकून टाका, नाहीतर फोडून टाका, पण आईला पुन्हा स्टुलावर चढू देऊ नका. रागात बोललीस, आणि राग तिच्या मनगटाचा होता हे मला कळतं. तिला मात्र ‘फोडून टाका’ एवढंच ऐकू आलं. प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, तिच्याकडेच पाठवा. म्हणून पाठवतोय. हे पत्र फक्त ते सगळं ठेवायचं कसं एवढ्यापुरतं आहे. बाकी काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

पेटी उघडलीस की एकेक कप तळहातावर घे आणि नखाने टिचकी मार. शाबूत असेल तर टण्ण वाजतो, नाद जरा रेंगाळतो. केसाएवढी चीर असेल तरी बद्द आवाज येतो. बद्द वाजेल तो फेकू नकोस, पण त्यात गरम चहाही ओतू नकोस. पेनं ठेव. बशा मी पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात. आडव्या रचल्या की एका धक्क्याचा सगळा भार तळच्या बशीवर येतो. कपाटात मात्र आडव्या ठेव, चार-पाचपेक्षा जास्त एकावर एक नको, आणि दोन बशांच्या मध्ये कापड हवंच. बशीच्या बुडाची कड खरखरीत असते, ती खालच्या बशीच्या चकाकीवर ओरखडे काढते. त्यासाठी आजीच्या लुगड्याचे तुकडे पेटीतच आहेत, टाकू नकोस. वर्तमानपत्र नको, शाई सोनेरी काठाला लागते. कपात कप घालू नकोस, कानाला धरून हुकावर टांगू नकोस, पालथेही नकोत, कारण काठच सगळ्यात नाजूक.

आणि जागा. माळ्यावर नाही. ओट्यावरच्या कपाटातही नाही, तिथे फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ बसते. शिवाय त्या कपाटाला तुझा हात पुरत नाही, मी पाहिलंय. तू चढशील त्या चाकाच्या खुर्चीवर. घरात दुसरं माणूस नाही. समोरच्या काकूंकडे किल्ली दिलीस का? मागेही विचारलं होतं. तर, कमरेच्या खालचा कप्पा, दाराला खिट्टी असलेला.

हा सेट अण्णा-आजोबांनी कलकत्त्याहून आणला, हे तुला ठाऊक आहे. बी.एन.आर.ची, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेची, पुढे दक्षिण-पूर्व रेल्वे झाली तरी ते शेवटपर्यंत बी.एन.आर.च म्हणायचे. ऑफिसच्या कामाला गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत गेले की परतीच्या हावडा मेलमधून काही ना काही यायचंच. आपल्या देशात बोन चायना पहिल्यांदा बेंगाल पॉटरीजने कलकत्त्यातच काढलं, १९६४ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सुधाआत्याचं ठरत होतं, तेव्हा ‘पाहुण्यांसमोर स्टीलचे पेले नकोत’ म्हणून हा सेट आला. यात हाडांची राख असते, तिनेच तो पांढरेपणा येतो आणि कप दिव्यासमोर धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. अण्णांनी ती सावली मला दाखवली आणि हळूच सांगितलं, तुझ्या आईला बोलू नकोस. आजीने विचारलं तेव्हा म्हणाले, बोन हे कंपनीचं नाव आहे. तरीही आजीने तो सेट स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. बाहेरच्या खोलीतल्या फडताळात राहिला, आणि त्यामुळेच टिकला असं माझं मत आहे. मी पुढे शाळेत हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट शिकवताना दरवर्षी तिची आठवण काढायचो. आजीला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

धुताना टबात खाली टॉवेल अंथर, कोमट पाणी, एका वेळी एकच कप. तुझ्या त्या डिशवॉशरमध्ये घालू नकोस, सोनं चार महिन्यांत उडेल. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही, काठावर ठिणग्या पडतात. चहाचे डाग खायच्या सोड्याने बोटानेच चोळायचे. थंडीत ओतण्याआधी कप कोमट पाण्याने विसळून घे. पण मुंबईत थंडी असते कुठे!

चांदीचं जास्त सांभाळावं लागेल. इथल्या कोरड्या हवेत तिला फारसं काही होत नाही, तुमच्याकडे दमटपणा. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो आणि ओलाव्यात तो लवकर चढतो. रबरबँडमध्ये गंधक असतो, लोकरीतही, म्हणून दोन्ही जवळ नकोत. डांबराच्या गोळ्या नकोत. वापरलीस की पूर्ण कोरडी करून सुती कापडात, मग बंद पिशवीत, बरोबर फळ्याच्या खडूचा तुकडा, तो ओल ओढतो. काळी पडली तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर खायचा सोडा आणि उकळतं पाणी. गंधक ॲल्युमिनियमकडे जातो, चांदी जागच्या जागी राहते. घासलीस तर थराबरोबर चांदीही जाते. आजीने आयुष्यभर रांगोळीने घासली, ताटावर घातलेलं अण्णांचं नाव आता बोटाला लागत नाही. आता प्रश्न असा की...

नाही, प्रश्न नाही. वर्ग सुटला. आई आतून म्हणते आहे, ती पस्तिशीची इंजिनियर आहे, आठवी ‘ब’ नाही. माफ कर.

तुझ्या दारावरच्या पाटीचा फोटो मी देशपांड्यांना दाखवला. नुसतं ‘मुक्ता’, आडनाव नाही, कुणाचंच नाही. त्यांनी विचारलं, असं का? मी म्हटलं, हप्ते तीच भरते. त्या प्रकरणानंतर तू इतक्या लवकर उभी राहशील असं मला वाटलं नव्हतं. आईला वाटलं होतं. मी रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो, हे तिने तुला सांगितलंच असेल.

सहा कपांचं मी एकटी काय करू, असं तू विचारशील. समोरच्या काकूंना रविवारी चहाला बोलव. यजमानांनाही. तीनच कप काढ, बाकीचे हलवू नकोस. चहा झाला, बशा उचलल्या, की सहज किल्ली दे. त्यात कमीपणा काही नाही, आम्हीही वहिनींकडे देऊन ठेवली आहे. आई पडली तेव्हा मी बँकेत होतो, दार वहिनींनी उघडलं.

पुन्हा तेच लिहिलं. राहू दे, खोडत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पेटीत मोकळी जागा राहिली म्हणून आईने माझा डोळा चुकवून चिवड्याच्या पुड्या कोंबल्या आहेत. आधी त्या काढ, तेल पाझरतं. साखरदाणीचं झाकण मूळचं नाही, ते उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचं आहे, बरोबर बसत नाही म्हणून मंदारशी भांडू नकोस.