बादलीवर बसलेल्या काकांना

काका,

मी तुमचं नाव विचारलं नाही, तुम्हीही आमचं विचारलं नाही. धरमपेठेतल्या तुमच्या जुन्या बंगल्याच्या फाटकाला पुठ्ठा बांधलेला होता, 'बाग पाहायला या, सकाळी ६ ते ८.३०'. तेवढ्यावर मी आईची व्हीलचेअर घेऊन आत आले. त्याला आता आठवडा झाला. तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे.

जानेवारीत आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, तिथे इजा झाली की बोलण्यावर असा घाला पडू शकतो. आईला आपण बोललेलं कळतं, काय सांगायचं तेही मनात असतं, पण नेमका शब्द सापडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मात्र वाटतं की तिला काहीच कळत नाही. मग ते तिच्या डोक्यावरून मला विचारतात, 'जेवतात का ह्या? ओळखतात का कोणाला?' आई तिथेच बसलेली असते.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईने बावीस वर्षं बाग केली. मोगरा, अनंत, कुंपणाला मधुमालती, मागे कढीपत्ता. आता आम्ही मनीषनगरला चौथ्या मजल्यावर राहतो. एप्रिलमध्ये मी तिला एका सार्वजनिक बागेत नेलं होतं. तिथल्या फिरत्या दारातून व्हीलचेअर जाईना. बाजूला मोठं फाटक होतं, त्याला कुलूप. रखवालदार म्हणाला, 'गाडी नाही जात न मॅडम. किल्ली साहेबांजवळ असते, अन् साहेब अकराला येतात.' नागपूरच्या एप्रिलमध्ये अकरा वाजता! दोन दिवसांनी एका नर्सरीत गेलो, निदान रोपं तरी पाहील म्हणून. तिथला माणूस म्हणाला, 'यांना कशाला उन्हात फिरवून राहिल्या? घरीच ठेवा न.' परतताना ऑटोत आईने मांडीवरून नजर उचलली नाही. मला त्या दोघांचा आजही राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

म्हणून तुमच्या फाटकाशी मी धास्तावूनच उभी होते. तुम्ही पाहिलंत आणि काही न विचारता गाड्यांचं फाटक उघडलंत. पायरीवर दोन फळ्या टाकल्यात. बहावा फुलून पिवळा झाला होता, खाली पाकळ्यांचा सडा होता, कवेलूंच्या पडवीत पाखरांसाठी पाण्याचे परळ होते. आई बघत होती, पण गप्प होती.

मग आपण त्या अनंताजवळ आलो.

तुम्ही पाण्याची बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसलात, आईच्या डोळ्यांना डोळे भिडतील असे. एक फांदी वाकवून तिच्या डाव्या हाताशी आणलीत. म्हणालात, 'ताई, तुम्हीच सांगा. भरपूर कळ्या धरते अन् उमलायच्या आधी गळून पडते. पानंही पिवळी पडून राहिली. काय करावं?'

आईने पान धरलं आणि अंगठा फिरवला. पान पिवळं होतं, शिरा तेवढ्या हिरव्या. तिचे ओठ हलायला लागले. मी सवयीप्रमाणे तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता तळहात वर केलात.

काका, तो तळहात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चार महिने मी आईचं प्रत्येक वाक्य पुरं करत आले. प्रेमानेच करत होते. तिला त्रास होऊ नये म्हणून करत होते. पण तिच्या वाट्याचं बोलून टाकणाऱ्यांत मीही होते, हे मला त्या क्षणी दिसलं.

तुम्ही थांबलात. किती वेळ ते माहीत नाही. तांबट एकसारखा टुकटुक करत होता. मग आई म्हणाली, 'बोर.'

तुम्ही हसला नाहीत, 'हो हो' म्हणून वेळही मारून नेली नाहीत. खरंच विचारात पडलात. 'बोराचं झाड?' तिने मान हलवली, नाही. 'बोअरवेल? बोअरचं पाणी घालतो म्हणून?' आईचा डावा हात चेअरच्या दांडीवर आपटला. हो! आणि पुन्हा बराच वेळ गेल्यावर, अगदी स्पष्ट, 'ताक.'

अजनीला ती हेच करायची. आपली काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. अनंताला आंबट माती लागते, नाहीतर मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून पानं अशी पिवळी पडतात. आई आंबट ताकात भरपूर पाणी मिसळून बुंध्याशी घालायची, आणि एरवी नळाचं पाणी. हे सगळं तिने तुम्हाला दोन शब्दांत सांगितलं, आणि तुम्ही ते दोन शब्द येईपर्यंत बसून राहिलात. थेरपीत चित्रं दाखवून तिच्याकडून 'चेंडू' आणि 'कप' म्हणवून घेतात. ते लागतंच, त्या मुलीही जीव ओतून शिकवतात. पण जे समोरच्याला खरोखर माहीत नाही आणि तिला माहीत आहे, असं तिला जानेवारीपासून कोणी विचारलं नव्हतं.

औषध, पैसा, डबा घेऊन आमच्याकडे पुष्कळ माणसं आली. त्यांचे उपकार आहेतच. पण कोणाच्या मागे घाई लागलेली नाही असं माणूस भेटणं किती दुर्मीळ झालंय! स्वतःची बाग लोकांसाठी उघडणं हा मोठेपणा आहेच, पण गेट उघडून आत आलेल्या माणसाला आपल्या सकाळीतला वेळही देणं, हे मी फार कमी पाहिलं.

त्या दिवसापासून घरात मी हात मागे बांधून उभी राहते. शब्दाला वेळ लागतो. परवा 'पंखा' आला, काल माझं नाव आलं, अर्धं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतोय, त्यामुळे आता तिला बाहेर काढता येणार नाही. पाऊस पडला की येऊ. तोवर आज सकाळी आईने तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे. बोटं मोजून, दोनदा, मला समजेपर्यंत. ताक पंधरा दिवसांनी पुन्हा घालायचं आहे. आणि घालाल तेव्हा संध्याकाळी घाला, उन्हात नको.

तुमची,
अनंताजवळच्या ताईंची मुलगी