हत्तीरोग : गोळ्यांनी नेमके मरते काय?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हत्तीरोग दूरीकरणाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेची बातमी दरवर्षी किती लोकांना गोळ्या दिल्या या आकड्यापाशी संपते. चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्य सहाय्यक म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला त्यापुढचा प्रश्न पडतो.

रक्तनमुने घ्यायला आम्ही रात्री साडेआठनंतर गावात जात असू, कारण डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळेला, कातडीलगतच्या रक्तात येतात. झोपेतून उठवलेला माणूस बोट पुढे करता करता विचारायचा, ‘‘गोळ्या तर मागच्या सालीही खाल्ल्या, मग पुन्हा रक्त कशाला?’’ त्याचे बरोबरच होते. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही मोहिमेतली औषधे रक्तातली पिलावळ झपाट्याने कमी करतात. तिला जन्म देणारे प्रौढ जंत मात्र लसिकावाहिन्यांत (शरीरात पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत) सहा ते आठ वर्षे जगू शकतात आणि या गोळ्यांनी ते सगळे मरत नाहीत.

तिन्ही औषधे जुनी आहेत. डीईसी १९४७ सालचे, भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून आलेले. उरलेली दोन आधी गुराढोरांसाठी निघाली आणि मग माणसांकडे वळली. (गुरांच्या औषधाला गिऱ्हाईक असते, हत्तीपाय झालेल्या शेतमजुराच्या औषधाला नसते.)

असे असले तरी घाव कुठे घालायचा, ते एक ठिकाण सापडलेले आहे. या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. डॉक्सिसायक्लिन हे नेहमीचे प्रतिजैविक चार ते सहा आठवडे दिले, तर ते जिवाणू मरतात, मादी वांझ होते आणि पुढे प्रौढ जंतही मरतात. परंतु आठ वर्षांखालील मुलांना व गरोदर स्त्रियांना हे औषध देत नाहीत, आणि ज्याला काहीच दुखत-खुपत नाही अशा माणसाला आशाताईंनी सहा आठवडे रोज गोळी कशी गिळवायची? म्हणून लिव्हरपूल येथील संशोधक हाच परिणाम आठवड्याभरात साधणारे औषध शोधत आहेत.

ब्रुगिया मलायी या भावकीतल्या जंताचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हीम हा लोहयुक्त घटक तयार करण्याची बरीचशी यंत्रणा जंताकडे नसून वोल्बाकियाकडे आहे, असे दिसले. ती यंत्रणा बंद पाडणे हा जंत मारण्याचा एक मार्ग. मात्र हीम माणसालाही लागते, त्यामुळे माणूस आणि वोल्बाकिया या दोहोंच्या विकरांतील (एन्झाइममधील) फरक हेरूनच औषध बेतावे लागेल. त्यातच, विदर्भात आढळणारा हत्तीरोगाचा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा जंत प्रयोगशाळेतल्या उंदरांत वाढत नाही. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांना मोल आहे. आमच्याकडे मोजणी संपली की काचपट्ट्या धुऊन पुन्हा वापरात घेत. त्या रक्ताचा संशोधनाला काही उपयोग असू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आणि लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत या रोगावर अनेक वर्षे काम झाले आहे. दूरीकरणाचे उद्दिष्ट २०२७ सालचे आहे आणि रुग्ण घटले की निधीही आटतो, हा अनुभव आहे. तेव्हा रात्रीच्या सर्वेक्षणात मिळणारे नमुने, रुग्णांच्या संमतीने, अशा संस्थांकडे पोहोचवण्याची सोय आरोग्य विभागाने आत्ताच करावी. आणखी काही वर्षांनी ते शोधूनही मिळणार नाहीत.

– एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, जि. चंद्रपूर