घुमट पथकात जोड्या लावताना

मा. संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यात वाड्यावाड्यांवर घुमट आरतीच्या तालमी सुरू होतात. घुमट म्हणजे मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले आणि मागचे लहान तोंड उघडे असलेले मातीच्या मडक्याचे वाद्य. बऱ्याच पथकांत हात चलाख असलेली मुले एकीकडे आणि संथ मुले दुसरीकडे बसवतात. आम्हा शिकवणाऱ्यांना हे साफ चुकीचे वाटते. दोन टोकांच्या मुलांचीच जोडी लावावी.

उतावळ्या मुलाची उजवी बोटे चामड्यावर झरझर चालतात, पण डावा तळवा मागच्या लहान तोंडावर चिकटून राहतो. हवा कोंडते, घुमारा (घुमणारा नाद) बसतो आणि नुसती टपटप ऐकू येते. संथ मुलाचा तळवा वेळेवर उघडतो, नाद भरून येतो. मात्र लय चढली की त्याची बोटे मागे पडतात.

अशा दोघांना समोरासमोर बसवून मध्ये एकच घुमट द्यावे. एकाने चामड्यावर बोटे चालवावीत, दुसऱ्याने मागचे तोंड उघडायचे-मिटायचे. दहा मिनिटांनी अदलाबदल. पहिले काही दिवस ‘तू धावतोस’, ‘तू ओढून धरतोस’ अशी भांडणे हमखास होतात. मोठ्यांनी मध्ये पडू नये. तिसऱ्या मुलाच्या हाती कासाळे (झांज) द्यावे आणि लय त्याचीच मानावी. दोघांची उघडझाप जुळली की मगच वेगळी घुमटे द्यावीत. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) त्यानंतर, कारण काठ्या हाती आल्या की उतावळे मूल पुन्हा सुटते.

घुमट तापवायचे कामही याच जोडीला द्यावे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे चामडे लावत; घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. पावसाळी हवेत ते सैल पडून नाद उतरतो. निखाऱ्यांपासून वीतभर वर धरून घुमट सतत फिरवत राहावे. एका जागी धरले तर चामडे फाटते किंवा मडके तडकते. इथे संथ मुलाचा धीर उपयोगी पडतो, आणि आरती उभी राहायच्या आत पाच-सहा घुमटे तयार करायची तर दुसऱ्याची चपळाईही लागते. एकमेकांचा गुण मुलांना इथे न सांगता कळतो.

स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती: गुण देताना नुसता वेग पाहू नका, घुमाराही ऐका. गुण वेगाला मिळतात म्हणूनच संथ मुलांना पथकातून गाळले जाते.

– घुमटवादनाचे काही प्रशिक्षक, फोंडा