चि. वैदूस, लालबागहून

चि. वैदूस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून लिहितोय. मुलुंडला राहायला गेलीस ते बरंच झालं. लिफ्ट आहे, बाथरूमचं दार रुंद आहे, सायली सोबतीला आहे. व्हीलचेअरच्या कुशनच्या कव्हरात सापडलेल्या गोळ्यांच्या त्या पाकिटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं तुझ्या आईने बजावलंय.

तर आधी बाकीचं. पायांच्या कडकपणावरचं बॅक्लोफेन संपायच्या चार दिवस आधी सांगत जा. ते एकदम तुटलं तर पाय नुसते कडक होत नाहीत. ताप चढतो, भास होतात, फिटसुद्धा येते. जळजळीवरचं प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम सकाळ-रात्र, आपल्या मनाने कमी नाही की जास्त नाही.

आता ते पाकीट. (आईला हे पान दाखवू नकोस.) ते आपल्या औषधांच्या दुकानातलं नव्हतं, बॅच नंबर बघूनच कळलं. त्यातलं ट्रॅमाडॉल म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. ते शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहे आणि २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरात उतरवून तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठी न बघता देणारा गल्ला भरतो, दुसरं काही नाही. आणि खुर्ची दिसली की हात आणखी सैल होतो: बिचारी, किती दुखत असेल! नाक्यावर 'बटन', म्हणजे नशेच्या गोळ्या विकणाऱ्या पोराला लोक शिव्या घालतात, पण ह्या 'बिचारी'वाल्यांना कुणी काही बोलत नाही. घरचेही नाही. तिच्या वाट्याला आधीच एवढं आलंय, एका गोळीवरून कशाला टोकायचं, असं म्हणत म्हणत एकाच्या चार होतात.

तुझी गोळी मिश्र आहे, ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ पॅरासिटामॉल. दिवसाला जास्तीत जास्त आठ, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. वरून तापाची गोळी घेतलीस की पॅरासिटामॉलचा हिशेब चुकतो आणि लिव्हरवर येतं. शिवाय तुला नसांच्या दुखण्यावरचं ड्युलॉक्सेटिन चालू आहे. ते आणि ट्रॅमाडॉल एकत्र आले की फिटचा धोका वाढतो. दुसऱ्या दुकानदाराला तुझं ड्युलॉक्सेटिन माहीत असायचं कारणच नाही. किती घेतेस गं?

बघ, विचारलंच.

रागवू नकोस, पण तुझं शरीर सायलीच्या शरीरासारखं नाही, हे मला लिहावंच लागेल. मणक्याची इजा डी-४ला, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याला. बरगड्यांमधले खालचे स्नायू आणि पोटाचे स्नायू साथ देत नाहीत, श्वास आणि खोकला आधीच कमजोर. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन आणि बॅक्लोफेन, तिघेही गुंगी आणतात. त्यात शुक्रवारची बिअर पडली तर श्वास झोपेतच मंदावतो. सायलीला हे सांगून ठेव: बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळसर, घोरल्यासारखा अडखळता श्वास, हलवूनही जाग नाही, तर आधी १०८, मग कुशीवर वळवायचं, आणि एकटं सोडायचं नाही. झोपू दे तिला, असं म्हणायचं नाही.

दुसरं बद्धकोष्ठाचं. ह्या गोळ्या आतडी सुस्त करतात. डी-६च्या वर इजा असली की तुंबलेलं पोट किंवा भरलेली लघवीची पिशवी बीपी एकदम उडवते. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. तुझं बीपी एरवी १००च्या आसपास. कॅज्युअल्टीत १४० बघून 'नॉर्मलच आहे' म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस. सरळ बसायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे-कपडे सैल करायचे, कॅथेटरने लघवी काढायची, मग पोट बघायचं. तेवढ्याने उतरलं नाही तर हॉस्पिटल. अशा वेळी आणखी एक गोळी घेतली की डोकेदुखी दबते आणि कारण आत तसंच राहतं.

म्हणूनच सांगतो, स्पॅझम (पायांचे झटके) किंवा जळजळ अचानक वाढली की पाकिटाकडे हात जायच्या आधी खालचं तपासायचं. लघवी गढूळ आहे का, पोट साफ झालं का, आरशात बघून माकडहाडापाशी लाली आहे का, अंगठ्याचं नख आत रुततंय का. कमरेखालचं दुखणं तुला नीट कळत नाही, ते स्पॅझममधून बोलतं. गुंगीत दर अर्ध्या तासाचं पुढे वाकणं चुकतं, रात्रीचं कूस बदलणं चुकतं, आणि बेडसोर आतून पोखरायला लागतो.

भाषण झालं. माफ कर. दादरला दिव्यांगांच्या डब्यात घुसलेल्या धडधाकट माणसांना तू एकेकाला कार्ड विचारून खाली उतरवलं होतंस, तेव्हा पाटील काकांनी अख्ख्या चाळीत सांगितलं होतं. आवाज तर तुझ्या आजीचाच. तो आवाज जड झालेला ऐकला की मी फोनवर भलतंच बोलतो.

पण एका झटक्यात सोडायचा हट्टही करू नकोस. नाक गळणं, जांभया, जुलाब, अंगावर काटा, जीव कासावीस होणं, हे एका दिवसात सुरू होतं आणि माणूस पुन्हा पाकिटाकडे जातो. डॉक्टर थोडी थोडी, साधारण दहा-दहा टक्क्यांनी उतरवतात. भरती व्हायची वेळ आली तर व्यसनमुक्ती केंद्राला आधीच विचारू: लिफ्ट आहे का, संडासात खुर्ची वळते का, रात्री दर दोन तासांनी कूस कोण बदलेल. बऱ्याच ठिकाणी आत जाताना सगळ्या गोळ्या काढून घेतात. त्यात बॅक्लोफेन गेलं तर पंचाईत, म्हणून डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. पोलिसांची भीती बाळगू नकोस. आपणहून उपचार घेणाऱ्यासाठी एनडीपीएसमध्येच कलम ६४-अ आहे. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४४६ लाव, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

मंगळवारी हाजी अलीच्या फिजिकल मेडिसिनच्या ओपीडीत जाऊ. सगळी पाकिटं पिशवीत घालून आण, रिकामीसुद्धा, कुठल्याही दुकानातली असोत. मी बाहेर बाकावर बसेन. आत तू एकटी जा आणि खरा आकडा त्यांना सांग. मला नाही सांगितलास तरी चालेल.

तुझा,
बाबा